बटईअप्पा

दिनांक १ ऑगस्ट १९७८, मंगळवार. विक्री अठरा रुपये पंचाहत्तर पैसे.

हा महालिंगअप्पा कोरे यांच्या पेंडीच्या दुकानाचा त्या दिवसाचा गल्ला. एरवी तो साठ-सत्तरच्या खाली येत नसे. त्या दिवशी गावात बंद होता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मुंबईत होऊन चार-पाच दिवस झाले होते, आणि त्याच्या विरोधात गावोगाव दुकाने लावायला, म्हणजे बंद करायला, भाग पाडले जात होते.

मी त्या गावच्या सेवा सोसायटीचा सचिव होतो. सोनपेठपासून सायकलवर पाऊण तासाचे हे गाव. नाव लिहीत नाही, कारण यातली बहुतेक माणसे अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या लग्नांना जातात. सोसायटीचे कुलूप काढू दिले नाही म्हणून मी अप्पांच्या दुकानात बसून राहिलो. दुकानाला दाराऐवजी दहा उभ्या फळ्या होत्या. त्यांतल्या पाच लावलेल्या होत्या आणि पाच काढून ठेवलेल्या.

हे काय म्हणून मी विचारले. अप्पांनी शांतपणे समजावून सांगितले. सकाळी तरुणांचा घोळका आला, दुकान लावा म्हणाला. त्यामागून बौद्धवाड्यातली सगुणी आली, घरात मीठ नाही, लेकरे जेवायची आहेत म्हणाली. दोन्हीकडचा विचार करायला पाहिजे, म्हणून निम्मे लावले, निम्मे उघडे ठेवले. वर मलाच म्हणाले, "टोकाला जायचं न्हाई, सेक्रेटरी. गुण म्हणून जे काही असतंय ते दोन टोकांच्या मधात असतंय."

हे वाक्य मी तोवर शंभरदा ऐकले होते.

येत्या जूनमध्ये मी निवृत्त होईन. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ माणसे पाहिली. त्यांतल्या एकावरच लिहायला बसलो आहे. तो माणूस थोर होता म्हणून नाही. थोर असता तर इतका वैताग आला नसता.

महालिंगअप्पांचे घराणे लिंगायतांचे, निजामाच्या काळापासून पेंड, सरकी, मीठ आणि घासलेट विकणारे. त्यांच्या वडिलांनी मुलाला औरंगाबादच्या कॉलेजात घातले. तिथे दोन वर्षे तो तत्त्वज्ञान शिकला. मग वडील वारले आणि मुलगा परत येऊन दुकानात बसला. दोन वर्षांच्या शिक्षणातले त्यांच्याजवळ राहिले ते एवढेच, की ग्रीस देशातल्या जुन्या लोकांनी चार सद्गुण सांगितले: शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय. आणि कोणताही सद्गुण दोन दुर्गुणांच्या मध्ये उभा असतो. भित्रेपणा आणि आडदांडपणा यांच्या मध्ये धैर्य, उधळेपणा आणि चिक्कूपणा यांच्या मध्ये दातृत्व. चोवीसशे वर्षांपूर्वी हे ज्यांनी शोधले त्यांच्यावर अप्पांचा फार जीव. दुकानात कुणी भांडण घेऊन आला, की पेंड तोलता तोलता ते म्हणत, "ग्रीक म्हणायचे..."

गावाला ग्रीक कोण ते ठाऊक नव्हते. म्हातारी धुरपताबाई एकदा म्हणाली, "अप्पा, एवढं शानं गिराईक कोन्च्या गावचं हाय तुमचं? आमाला तर कदी दिसलं न्हाई." तेव्हापासून अप्पांचे ग्रीक ही गावाची कायमची थट्टा झाली. कुणाच्या बायकोने रागावून माहेर गाठले, की नवऱ्याला सल्ला मिळे, अप्पाच्या गिराईकाला इचार.

माझेही काही फार बरे नव्हते. मी बी.कॉम. झालेलो. मध्य म्हटले की मला सरासरी दिसे. दोन टोके घ्या, बेरीज करा, दोनने भागा. अप्पांनी एक दिवस तराजू खाली ठेवला आणि मला म्हणाले की एक पायली पेंड शेळीला जास्त होते, म्हशीला पुरत नाही. मग मध्य कसा काढणार? समोर कोण उभे आहे ते पाहून. तो मध्य फूटपट्टीने मोजता येत नाही, तिथे शहाणपण लागते. मला ते पटले. माझी तक्रार एवढीच, की हे मला शिकवणारा माणूस स्वतः मात्र पुष्कळदा फूटपट्टीच लावीत असे.

सटवाजी आणि चंद्रभान हे सख्खे भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर आंब्याचे झाड होते. फळ कुणाचे यावर आठ वर्षे भांडण. अप्पांकडे आले. अप्पांनी त्यांना न्याय आणि संयम समजावून सांगितला, दोघांनीही हट्टाचे टोक सोडून मधला मार्ग काढा म्हणाले. दोघांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी झाड तोडून लाकूड निम्मे-निम्मे वाटून घेतले. आता भांडण नाही, अप्पांच्या कृपेने, असे सांगायला दोघेही दुकानात आले आणि सरपणासाठी एक फांदीही घेऊन आले. अप्पा दिवसभर जेवले नाहीत.

आमच्याकडे शेत निम्म्या वाट्याने लावतात त्याला बटई म्हणतात. गावाला अप्पांच्या शिकवणुकीतले तेवढेच कळले. त्या झाडापासून त्यांचे नाव बटईअप्पा पडले.

आता पुन्हा त्या मंगळवारी येतो. निम्म्या उघड्या दुकानातून सगुणाबाईने मीठ नेले. दुपारी व्यंकटरावांचा पुतण्या दिनकर आला. व्यंकटराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन. दिनकरने मुठीला सुतळी बांधलेला डबा पुढे केला आणि तो भरून घासलेट मागितले. अप्पांनी भरून दिले. मीही ते पाहिले. घरोघर चुली-कंदिलांना घासलेट लागतेच, त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. दुपार कलल्यावर मी सायकल काढून सोनपेठला गेलो.

दोन दिवसांची उघडीप होती. अप्पांच्या घराचे माळवद गळत होते, म्हणून संध्याकाळी ते माती टाकायला वर चढले. तिथून त्यांना बौद्धवाडा दिसला. छपराला लागलेला जाळ दिसला, वाड्यातून पळणारा घोळका दिसला, आणि सगुणाबाईच्या घरामागून हातात डबा घेऊन निघालेला दिनकर दिसला. डब्याच्या मुठीला सुतळी होती.

सात घरे जळाली. वाड्यातली माणसे आधीच सावध होऊन नदीकडच्या शेतांत गेली होती, म्हणून जीव वाचले. सगुणाबाईच्या घरात कणगीभर ज्वारी होती आणि दावणीला एक शेळी होती. दोन्ही गेले. दुपारी नेलेले मीठही त्यातच गेले असणार.

बुधवारी मी गावात गेलो तर अप्पांचे दुकान पूर्ण लावलेले. ते आत अंधारात बसले होते. त्यांनी मला दुसरे काही सांगितले नाही. इतकेच म्हणाले, की पाच फळ्या उघड्या ठेवल्या आणि त्या पाच फळ्यांतून मीठही गेले आणि घासलेटही गेले. हा मध्य नव्हे. पूर्ण दुकान उघडायला ते घाबरले होते आणि पूर्ण लावायची लाज वाटत होती, एवढेच ते होते. मग उठले, टोपी घातली आणि पोलिसांत जबाब द्यायला गेले. दिनकरचे नाव सांगितले. घासलेट मीच विकले हेही सांगितले. ते त्यांना कुणी विचारले नव्हते.

फिर्याद सगुणाबाईने दिली. सात घरांपैकी ती एकटीच पुढे झाली. बाकीच्यांना व्यंकटरावांच्याच शेतात मजुरीला जायचे होते. तिचा नवरा सिताराम अबोल माणूस; ती मात्र नाव घेऊन बोलणारी. गावात सगळे तिला सगुणी म्हणत, अप्पाही म्हणत. त्या जबाबानंतर अप्पा सगुणाबाई म्हणू लागले. लोकांनी ते लगेच हेरले. धुरपताबाईनेही टोमणा मारला, की आता बटईअप्पाची पंगत बी निम्मी वाड्यात बसंल.

खटला उभा राहायला अडीच वर्षे गेली. फिर्यादी बाई घरच्या नुकसानीने रागावलेली, म्हणून तिच्या बोलण्याला जोड पाहिजे होती. जोड देणारे तीन साक्षीदार होते. त्यांतल्या दोघांनी आधीच निरोप पाठवला होता, की आग पाहिली, माणूस पाहिला नाही. उरले अप्पा. दिनकरला शिक्षा होणार की नाही, आणि सगुणाबाईला त्या गावात मान वर करून राहता येणार की नाही, हे एका पेंडविक्याच्या जिभेवर येऊन ठेपले. हे गावात प्रत्येकाला माहीत होते.

तारखेच्या आठ दिवस आधी व्यंकटराव मला म्हणाले, चला सेक्रेटरी, अप्पाकडं जाऊन येऊ. चेअरमनला नाही म्हणता येत नाही. गेलो. व्यंकटराव पेंडीच्या पोत्यावर बसले. अप्पांच्या मंडळींनी, चन्नबसम्मांनी चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश घेतला. मुलाबाळांची चौकशी केली. मग म्हणाले,

"अप्पा, खोटं बोला म्हणायला आमी आलो न्हाई. आग पाहिली म्हणा. घर जळताना पाहिलं म्हणा. निस्तं माणूस वळखू आलं न्हाई म्हणा. धूर लय व्हता का न्हाई?"

"व्हता."

"मग झालं तर. बाईचं बी ऱ्हातंय, पोराचं बी ऱ्हातंय. मधात ऱ्हावं, मधात ऱ्हावं, जलमभर तुमीच सांगायलाव. तुमचे गिराईक हेच म्हणतात ना?"

अप्पांनी तराजूचे पारडे उचलून पुसायला घेतले. मला वाटले, आता हा माणूस हो म्हणतो. खरे सांगायचे तर त्या वेळी त्यांनी हो म्हटले असते तरी मला आश्चर्य वाटले नसते.

"व्यंकटराव," ते म्हणाले, "भित्रेपणा आन आडदांडपणाच्या मधात धीर असतो. खऱ्या-खोट्याच्या मधात काहीच नसतं. तिथं निम्मं केलं की ते समदं खोट्याच्या वाट्याला जातं."

"हे बी गिराईकच म्हणतात?"

"हे बी तेच म्हणतात. मी पहिल्यांदा नीट ऐकलं न्हवतं."

व्यंकटराव हसले. बशी खाली ठेवून उठले आणि आवाज न चढवता म्हणाले, "मग इथून फुडं पेंड बी त्याच गिराईकाला इका."

दुसऱ्या दिवसापासून गावातली माणसे पेंडीसाठी सोनपेठला जाऊ लागली. चार कोसांवरून पोते आणायचे म्हणजे भाडे पडे, तरी जाऊ लागली. सटवाजी आणि चंद्रभान तर भाडे निम्मे-निम्मे वाटून घेत. अप्पा सकाळी दहाच्या दहा फळ्या काढीत आणि संध्याकाळी दहाच्या दहा लावीत. मधल्या वेळात काही घडत नसे.

गल्ल्यात चिल्लर उरली नाही. झरीला शिक्षक असलेला त्यांचा मुलगा लिंगराज साक्षीच्या आदल्या दिवशी भेटून गेला आणि खर्चाला शंभराची नोट ठेवून गेला. ती घेऊन अप्पा पहाटे सोनपेठला चालत आले आणि परभणीच्या गाडीत बसले. कंडक्टरने नोट पाहून हात जोडले. सुटे असतील तर बसा, नाहीतर उतरा. ती गाडी चुकली तर अकरापर्यंत परभणी गाठणे शक्य नव्हते. त्याच गाडीत सगुणाबाई आणि सिताराम होते, गावातली आणखीही माणसे होती. सगुणाबाईने पदराची गाठ सोडली आणि अप्पांचे तिकीट काढले. सहा रुपये तीस पैसे. परभणीत नोट मोडली की देतो, असे अप्पा म्हणाले. परभणीत गाडी उशिरा पोचली आणि तिघे तसेच कोर्टात धावले.

मी त्या दिवशी बँकेच्या कामाला परभणीत होतो. काम टाकून कोर्टात जाऊन बसलो. तिकिटाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर धावत जाऊन सुटे आणून दिले असते. आजही ते मनात येते आणि चिडचिड होते.

अप्पांनी साक्ष चांगली दिली. माळवद, माती, जाळ, डबा, सुतळी, दिनकर. घासलेट आपणच विकल्याचेही सांगितले. आरोपीच्या वकिलाने धूर किती होता ते विचारले, अंतर विचारले, चष्म्याचा नंबर विचारला. अप्पा डगमगले नाहीत. मला बरे वाटू लागले होते. तेवढ्यात वकिलाने कागद मिटले आणि सहज विचारावे तसे विचारले, आज कशाने आलात? गाडीने. एकटेच आलात? नाही, फिर्यादी बाई आणि त्यांचे मालक गाडीत होते.

"तुमचं तिकीट कुणी काढलं?"

अप्पा म्हणाले, "सगुणाबाईंनी. ते असं झालं की..."

"तिकीट फिर्यादीनं काढलं. हो की नाही?"

"हो. पण..."

विचारले तेवढेच सांगा, असे न्यायाधीशसाहेब मान वर न करता म्हणाले. अप्पांनी दोन्ही हात जोडले आणि गप्प बसले. सरकारी वकिलांनी पुन्हा काही विचारले नाही. ते पुढच्या खटल्याचे कागद पाहत होते. साक्ष संपली.

सुटे नव्हते. दोनच शब्द होते.

बाकीच्या दोघांनी ठरल्याप्रमाणे आग पाहिली आणि माणूस पाहिला नाही. दोन महिन्यांनी निकाल लागला. एकमेव साक्षीदार फिर्यादीच्या खर्चाने आलेला, त्याच्या भरवशावर शिक्षा देता येत नाही, संशयाचा फायदा. दिनकर सुटला. गावात गुलाल उधळला गेला. त्यातला काही अप्पांच्या फळ्यांवरही मारला.

साक्षीच्या दिवशी सगुणाबाई थांबली नव्हती. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर अप्पा सुटे पैसे हातात घेऊन उभे होते. सगुणाबाई त्यांच्यासमोरून गेली. तिने पाहिले नाही असे नाही. महिनाभरात ती आणि सिताराम मुलांना घेऊन परभणीला गेले आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. जळालेल्या घराच्या भिंती पावसात विरघळून गेल्या. अप्पांनी एकदा मनिऑर्डर केली, ती घेण्यास नकार असा शेरा होऊन परत आली.

पुढची बारा-तेरा वर्षे आम्ही दोघे एकाच गोष्टीवर भांडत होतो. माझे म्हणणे असे, की चार सद्गुणांत शहाणपण पहिले. तुम्ही न्यायाला धरून बसलात आणि शहाणपणाला गाडीत विसरून आलात. तिकीट मीच काढले असे म्हटले असते तर आभाळ कोसळले असते का? ज्याने सात घरे जाळली तो मोकळा फिरतो आणि सहा रुपयांवर तुमचा खरेपणा अडला. अप्पांचे म्हणणे असे, की व्यंकटरावांनाही माझ्याकडून धूरच म्हणवून घ्यायचा होता. एकदा तिकिटावर खोटे बोललो की धुरावर का नाही? हे भांडण आम्ही पेंडीच्या पोत्यांवर बसून, सोनपेठच्या बाजारात उभे राहून, एकदा तर लिंगराजच्या लग्नात अक्षता हातात घेऊनही केले. दोघांनाही राग येई. मला त्यांचा येई, त्यांना स्वतःचा. कोण बरोबर, ते ठरले नाही. पेंड घ्यायला लोक हळूहळू परत येऊ लागले, कारण सोनपेठचे भाडे वाढले. माणसे परत आली ती अशी. त्याचेही अप्पांना वाईट वाटले. निदान माझ्यावर रागावून तरी राहायचे होते, म्हणाले.

दिनकर मधल्या काळात दिनकरराव झाला. पंचायतीत निवडून आला. अप्पांना समोरून नमस्कार करी. अप्पा उलट नमस्कार करीत, आणि मग मला विचारीत, आता हा संयम की भित्रेपणा? मी सांगत असे, मला विचारू नका, मी वाणिज्य शाखेचा.

या वर्षी संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दुसऱ्या दिवशी मी गावात होतो. व्यंकटराव आता काठी टेकत चालतात. ते तिळगूळ द्यायला म्हणून दुकानात आले. जुने वैर विरले होते, निदान त्यांच्या बाजूने. तिळगूळ अप्पांच्या हातावर ठेवून म्हणाले, "बगा अप्पा, शेवटी सरकारनं बी तुमची बटईच केली. निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. हेच सोळा वर्षांमागं केलं असतं तर?"

अप्पांनी तिळगूळ पोत्यावर ठेवला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावन्न-साठ असेल, पण त्या क्षणी फार म्हातारे दिसले. व्यंकटराव गेल्यावर मला म्हणाले, परभणीला जाऊ. मला तिला इचारायचं हाय.

आठवड्याने गेलो. सगुणाबाई जिनिंगच्या मागच्या वस्तीत राहते. पत्र्याचे दोन खोल्यांचे घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. सिताराम चार वर्षांपूर्वी वारला. तिने आम्हाला ओळखले, बसायला सतरंजी टाकली, चहा केला. वस्तीत वाटलेल्या पेढ्यांतले दोन बशीत ठेवून पुढे केले. गावाकडच्या माणसांची चौकशी केली नाही. फक्त धुरपताबाई आहे की गेली ते विचारले. गेली म्हटल्यावर म्हणाली, तोंडानं वाईट व्हती, पर माझ्या बाळंतपनात तीच आली व्हती.

अप्पांना बोलायला काहीतरी पाहिजे होते, म्हणून त्यांनी व्यंकटरावांचे बोलणे तिला सांगितले. सरकारने बटई केली, निम्मे-निम्मे. मला वाटले, ती संतापेल. ती म्हणाली, "बटईत दोघं बी राबतात, अप्पा. हितं राबलं कोन? पोरं तुरुंगात गेली, मानसं मेली, घरं जळली, ते समदं आमच्याकडचं. निम्मं मिळालं म्हणू नका. एवढं घेतलं म्हणा. उरलेलं घ्यायचं हाय."

अप्पांनी मान हलवली. मग थोडे पुढे सरकून त्यांनी तो प्रश्न विचारला. बारा-तेरा वर्षांचा. तिकिटाविषयी आपण खोटे बोलायला पाहिजे होते का? सेक्रेटरी म्हणतात पाहिजे होते. मला अजून तसे वाटत नाही. पण तुमचे घर गेले. तुम्ही सांगा.

सगुणाबाईने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. तिला खरेच नवल वाटलेले दिसले.

"एवढी वर्सं तुमी दोघं ह्याच्यावर भांडायलाव?"

मी हो म्हणालो.

"खोटं कशाला बोलायचं? तिकीट म्या काढलं हे खरंच व्हतं. सुटे न्हवते म्हणून काढलं, हे बी खरंच व्हतं. तुमी निम्मंच बोललात."

"साहेबांनी गप केलं, सगुणाबाई."

"केलं. मग वरडून सांगायचं व्हतं. पिंजऱ्यातून भाईर काढलं असतं तर भाईर उभं राहून सांगायचं व्हतं. लय तर काय, दंड झाला असता. व्यंकटरावाला तुमी भ्याला न्हाईत. गाव उपाशी मारतंय म्हणलं, भ्याला न्हाईत. आन एक मानूस मान वर न करता गप म्हणला तर हात जोडलेत. म्या मागं बसले व्हते. म्या बगत व्हते तुमचे हात."

बाहेर कुणीतरी नळाला पाणी आले म्हणून हाक मारली. ती उठून घागर लावून आली. तेवढा वेळ अप्पा सतरंजीच्या काठाचा दोरा बोटाला गुंडाळत बसले होते. मी भिंतीकडे पाहत होतो. इतकी वर्षे मी त्यांना शहाणपण शिकवीत होतो आणि ते मला न्याय शिकवीत होते. वाक्य पुरे करायचे राहिले, एवढी साधी गोष्ट होती. ती दोघांच्याही हिशेबात कधी आली नाही.

ती परत आली तेव्हा अप्पांनी खिशातून पैसे काढले. पाचाची नोट, एक रुपया आणि तीस पैसे. नीट सुटे करून आणले होते. त्यांनी ते बशीशेजारी ठेवले.

"तेवढं तरी घ्या आता."

सगुणाबाईने पैसे उचलले, मोजले, आणि त्यांच्या हातात परत दिले. तिचा आवाज रागाचा नव्हता.

"न्हाई घेनार. घेतलं की तुमी मोकळे व्हता. माझं घर गेलं, गाव गेलं, मालक हितं धुळीत खोकत गेला. तुमाला माझं कायतरी देनं लागू द्या."

अप्पांनी पैसे खिशात ठेवले. चहा घेतला. पेढाही खाल्ला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही सोनपेठला परत आलो. दोघांची तिकिटे मी काढली, माझ्याकडे सुटे होते.

महालिंगअप्पा कोरे यांचे सगुणाबाईंना देणे: सहा रुपये तीस पैसे. अजून दिलेले नाहीत.